बेडक्यातून रक्त पडलं: टीबी की फुप्फुसाचा कर्करोग?

सांगली-मिरजेकडे खोकल्यातून रक्त पडलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “टीबी असणार.” त्यात नवल नाही. वानलेसवाडीला क्षयाच्या सॅनेटोरियमची ओळख होती, आणि तिकडे सातारा जिल्ह्यात पाचगणीची हवा खायला क्षयरोगी मुंबईहून यायचे. आजही अशा खोकल्यामागे टीबी निघण्याची शक्यता मोठी असते. पण अंदाज चुकतो तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाला आयते महिने मिळतात, आणि गाठ काढून टाकता येण्याजोगी होती ती वेळ त्यातच निघून जाते.

गोंधळ होतो, कारण वरवर दोन्ही सारखेच दिसतात. न थांबणारा खोकला, रक्त, उतरणारं वजन, मेलेली भूक, एक्स-रेवर डाग. एक्स-रेवर दोन्हींत पोकळीसुद्धा दिसू शकते.

मूळ मात्र वेगळं. टीबी जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवलं. तो हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. कर्करोगात आपल्याच पेशी बेलगाम वाढतात, त्यामुळे तो कुणाला लागतच नाही. तरीही अशा माणसाचं अंथरूण-पांघरूण वेगळं केलेलं पाहिलं की जीव तुटतो.

संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्री घाम फुटून कपडे भिजणं, हे टीबीकडे बोट दाखवतं. आवाज बसून आठवडेच्या आठवडे न सुटणं, खांद्यातून हातात उतरणारी कळ, बोटांची टोकं फुगीर होणं, चेहरा-मान सुजणं किंवा एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणं, यांत कर्करोगाची शंका घ्यावी. त्यातून माणूस पन्नाशीपुढचा आणि वर्षानुवर्षं विडी ओढणारा असेल तर नक्कीच. पण लक्षणांवरून कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. तपासणीच सांगते.

सगळं अडतं ते इथेच. टीबीचा पुरावा म्हणजे बेडक्यातला जंतू. सरकारी दवाखान्यात सीबीनॅट ही तपासणी मोफत होते, साधारण दोन तासांत जंतू आहे की नाही कळतं आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का तेही कळतं. कर्करोगाचा पुरावा म्हणजे बायोप्सी: दुर्बिणीतून किंवा सीटी स्कॅनच्या मदतीने सुई घालून काढलेला तुकडा. यातलं काहीच न करता नुसता एक्स-रे पाहून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, तर डॉक्टरांना न लाजता विचारा, “बेडक्यात जंतू सापडले का?” सापडले नसतील आणि दीड-दोन महिन्यांच्या औषधानंतरही वजन, खोकला, डाग जिथल्या तिथे असतील, तर सीटी आणि बायोप्सीची मागणी करा. गोळ्यांनी लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनच्या रंगामुळे. औषध लागू पडल्याची ती खूण नव्हे. मात्र आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. टीबी खरोखर असेल तर तो औषधांना दाद देईनासा होतो.

“सुई लावली की गाठ पसरते” या भीतीने किती तरी लोक बायोप्सी टाळतात. सुईने रोग पसरण्याचं प्रमाण अगदी नगण्य आहे. तपास टाळल्याने मात्र तो बिनबोभाट वाढत राहतो.

टाळायचे मार्गही वेगळे. घरात टीबीचा रुग्ण असेल तर खिडक्या उघड्या ठेवणं, त्याने मास्क लावणं, घरच्यांची तपासणी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास प्रतिबंधक गोळ्या. कर्करोगात सर्वांत मोठं कारण धूर. विडीत तंबाखू कमी म्हणून ती सौम्य, ही समजूत साफ चुकीची आहे. ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. (मिश्री आणि तंबाखू-चुना मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाचं कारण, पण ते सुटले तरी चांगलंच.) नवरा ओढतो आणि बायको शेजारी बसते, तिलाही धोका असतो. कधीच न ओढणाऱ्यांनाही हा कर्करोग होतो, म्हणून “मी ओढत नाही” म्हणत लांबलेला खोकला अंगावर काढू नये. विडी सोडल्यावर सुमारे दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो, आणि विडीने वाढणारा टीबीचा धोकाही घटतो. सोडताना मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

फार वर्षं, फार ओढणाऱ्यांसाठी कमी किरणांचा सीटी स्कॅन उपयोगी ठरतो. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्याचं २०११ मध्ये दिसलं. दरवर्षी साधा एक्स-रे काढून हा फायदा मिळत नाही. आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रणही स्कॅनवर गाठीसारखे दिसतात, म्हणून हा निर्णय छातीच्या डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यावा.

म्हणूनच ज्यांना पूर्वी टीबी होऊन गेलाय त्यांनी जुने एक्स-रे रद्दीत टाकू नयेत. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोतला व्रण आजही तेवढाच असेल तर तो बहुधा जुनाच. वाढला असेल तर डॉक्टर थेट पुढची तपासणी लिहून देतात. टीबीचा व्रण असलेल्या फुप्फुसातही कर्करोग होऊ शकतो, आणि दोन्ही एकाच वेळी असलेले रुग्णही सापडतात.