जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांतील आवर्ती सूत्रे : सीमाभागातील वाचन

जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) या खगोलशास्त्रज्ञाच्या मराठी विज्ञानकथांत काही सूत्रे पुन्हापुन्हा येतात : एका निसटत्या क्षणातून फुटणारा दुसरा इतिहास, विज्ञान आणि श्रद्धा यांची एकाच घरात पडणारी गाठ, परग्रहावरची बुद्धिमान सृष्टी, काळाचा प्रवास. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी वाचकाला यांतले पहिले सूत्र विशेष भिडते.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतला इतिहासाचा प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतो, जिथे मराठे पानिपत जिंकले आहेत. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावाला लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून गेली, फरक तिळाएवढा. आझाद मैदानावर सभा चालू असते, अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते. गंगाधरपंत सवयीने तिच्यावर जाऊन बसतात आणि लोक त्यांना हुसकावून लावतात, कारण त्या जगात अध्यक्षीय भाषणांची प्रथाच मोडीत निघालेली असते. जिंकलेल्या इतिहासातही पंत परकेच ठरतात. कथेचे खरे बळ मला इथे दिसते. पुराव्यादाखल खिशात उरते ते बखरीचे एक फाटके पान.

या कथेचा सीमाप्रश्नाशी काही संबंध नाही. पण १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि दहाच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, हेच गाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. ‘तेव्हा तसे झाले असते तर’ हे वाक्य ज्या घरांत तीन पिढ्या बोलले गेले, तिथे त्या फाटक्या पानाचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

‘धूमकेतू’ कथेत दुसरे सूत्र ठळक आहे. दत्तदांनी शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो. शास्त्रज्ञ त्याला यानातल्या स्फोटाने वाटेवरून ढळवतात. घरची माणसे मात्र अरिष्टनिवारणासाठी यज्ञ करतात आणि श्रेय यज्ञाला देतात. लेखक स्पष्टपणे विज्ञानाच्या बाजूने उभा आहे, तरी घरच्यांचे भय तो खरे मानतो. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखालून हाती आलेले पूर्वीच्या प्रगत संस्कृतीचे ज्ञानच धोक्याचे ठरते.

पात्रे मात्र बऱ्याचदा कल्पनेच्या सोयीपुरती येतात, स्त्रिया तर फारच थोड्या रेषांत. संवादांना अधूनमधून वर्गातल्या फळ्याचा वास येतो. पण समजावून सांगण्याची ती तळमळ पहिल्या कथेपासूनची आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवताना नावाचे वजन पडू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेतले, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले.