सर्व्हरची नाडी, पामपायलटचा पडदा

सर्व्हरला सहसा स्वतःचा पडदा नसतो. रॅकमध्ये एकावर एक रचलेल्या यंत्रांना मॉनिटर लावायला जागा नसते आणि एरवी तशी गरजही पडत नाही. ज्याला काही पाहायचं असेल तो नेटवर्कवरून लॉग-इन करून पाहतो. घरात टीव्हीच्या मागे किंवा माळ्यावर ठेवलेल्या छोट्या सर्व्हरचंही तसंच. पंचाईत होते ती नेटवर्कच बंद पडतं तेव्हा. यंत्र मेलंय, केबल निसटलीय, की डिस्क भरून सगळं तुंबलंय, हे बाहेरून कळायला मार्ग उरत नाही. पुढचे दोन दिवे मात्र तेव्हाही लुकलुकत असतात!

यावर हौशी मंडळींनी काढलेला एक तोडगा मला फार आवडतो. खणात पडून असलेला पामपायलट, म्हणजे नव्वदच्या दशकातला खिशात मावणारा छोटा संगणक, बाहेर काढायचा, त्याच्या क्रेडलची, म्हणजे तो ठेवायच्या बैठकीची, केबल सर्व्हरच्या सिरीयल पोर्टला लावायची आणि त्या इवल्या पडद्यावर सर्व्हरची हालहवाल वाचायची. यात जुन्या वस्तूंचं कौतुक आहेच. पण नुसत्या कौतुकापोटी ही जोडणी टिकली नसती. तिला तांत्रिक आधार आहे, आणि तो पामपेक्षाही जुना आहे.

आधी पामची ओळख. नव्वदच्या दशकात आपल्याकडे फोन नंबर साठवायच्या ‘डिजिटल डायऱ्या’ मिळत. पाम त्यांच्या बराच पुढे होता. जेफ हॉकिन्स यांनी तो घडवताना खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा बरोबर बाळगला आणि त्यावर लिहिण्याचं नाटक करत आकार पक्का केला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९६ साली पायलट १००० आणि पायलट ५००० बाजारात आले. १६ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ड्रॅगनबॉल प्रोसेसर, धाकट्या मॉडेलमध्ये अवघी १२८ किलोबाइट मेमरी आणि १६० × १६० ठिपक्यांचा काळा-करडा पडदा. १९९८ च्या पाम थ्रीमध्ये मेमरी २ मेगाबाइट झाली, पण ठिपके तेवढेच राहिले. दोन ट्रिपल-ए सेलवर हे यंत्र काही आठवडे चालायचं.

एवढे दिवस चालायचं याचं मोठं श्रेय पडद्याला. पामचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. खोलीतला उजेड परत फेकतो. द्रवस्फटिकाचा थर दोन ध्रुवक पट्ट्यांमध्ये, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आरपार सोडणाऱ्या पट्ट्यांमध्ये, असतो. विद्युतदाब नसताना त्यातल्या रेणूंची रांग पिळासारखी असते, आणि तिच्यातून जाताना प्रकाशाची ध्रुवण-दिशा वळते. दाब दिला की पीळ सुटतो, प्रकाश दुसऱ्या पट्टीशी अडतो आणि ठिपका काळा दिसतो. या उलटसुलट करण्याला नगण्य वीज लागते. उजेडाच्या खोलीत हा पडदा छान वाचता येतो. अंधाऱ्या कोपऱ्यात बॅकलाइट लावावा लागतो, आणि तो फारच यथातथा आहे.

आता त्या जुन्या आधाराकडे, म्हणजे सिरीयल पोर्टकडे. आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी ते केलं गेलं. त्यात एका तारेवरून एकामागून एक बिट जातात. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. हो, उलटंच आहे. काही पाठवायचं नसतं तेव्हा तार १ वर, म्हणजे उणे दाबावर स्वस्थ असते. अक्षर पाठवायची वेळ आली की आधी ० चा एक बिट जातो, हा ‘स्टार्ट बिट’. त्यामागून अक्षराचे ८ बिट, सगळ्यात लहान किमतीचा आधी. शेवटी ‘स्टॉप बिट’ येतो आणि तार पुन्हा १ वर.

दोन यंत्रांमध्ये घड्याळाची तार नाहीच. सर्व्हरचं घड्याळ वेगळं, पामचं वेगळं, आणि वीस-पंचवीस वर्षांत पामचं थोडं सरकलेलंही असणार. तरी संवाद बिघडत नाही, कारण प्रत्येक स्टार्ट बिटपाशी घेणारं यंत्र नव्याने मोजायला सुरुवात करतं आणि पुढचा प्रत्येक बिट त्याच्या मधोमध वाचतं. चूक साठायला फक्त दहा बिटांची मुदत मिळते. दोन्ही घड्याळांत शेकडा तीन-चार टक्क्यांचा फरक असला तरी दहावा बिट जागच्या जागी सापडतो. १६ मेगाहर्ट्झचं यंत्र आणि काही गिगाहर्ट्झचा सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते या मांडणीमुळे. ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, या वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं जातात. ऐकायला कमी वाटतं, पण २० अक्षरांच्या चार ओळींचा पडदा भरायला फक्त ८० अक्षरं लागतात. सेकंदाच्या बाराव्या भागात काम होतं.

वीस बाय चार हा आकडा उगाच घेतलेला नाही. मॅट्रिक्स ऑर्बिटल ही कॅनडातली कंपनी असे अक्षरी एलसीडी पडदे बनवते, आणि लिनक्स या कार्यप्रणालीवरच्या ‘एलसीडीप्रॉक’ या, यंत्राची हालहवाल एलसीडीवर दाखवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरला ते चालवता येतात. मग कुणीतरी ‘पामऑर्ब’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो पामवर चालतो आणि सर्व्हरला भासवतो की पलीकडे मॅट्रिक्स ऑर्बिटलचाच पडदा आहे. सोंग वठवायला फारसं काही लागत नाही. साधं अक्षर आलं तर दाखवायचं. २५४ हा आकडा आला तर पुढचा बाइट आज्ञा समजायचा. २५४ नंतर ८८ म्हणजे पडदा पुसा. २५४ नंतर ७१ म्हणजे पुढे येणाऱ्या रकान्यात आणि ओळीत कर्सर न्या. पामच्या १६० ठिपक्यांत २० अक्षरं मांडली तर प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर ८ ठिपके येतात. अस्सल पडद्यावर एक अक्षर ५ ठिपके रुंद असतं, त्यामुळे पूर्ण ओळीचा आलेख १०० पायऱ्यांत वाढतो. टक्के दाखवायला याहून सोयीचं काय हवं?

या ८० अक्षरांत काय दाखवायचं, हा खरा विचार करण्याचा भाग. बहुतेक जण सगळ्यात आधी प्रोसेसरचा वापर मांडतात. माझ्या मते तो सगळ्यात निरुपयोगी आकडा. क्षणाक्षणाला उड्या मारतो. त्यापेक्षा ‘लोड अॅव्हरेज’ बरा. लिनक्स मागच्या १, ५ आणि १५ मिनिटांचे तीन आकडे देतं. कामाला लागलेल्या आणि प्रोसेसरसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रक्रिया त्यात येतातच, पण डिस्ककडून उत्तर येण्याची वाट पाहत अडकलेल्याही मोजल्या जातात. त्यामुळे लोड ८ आणि प्रोसेसर मात्र रिकामा, असं दिसलं की संशय डिस्कवर घ्यायचा. दुसरी ओळ डिस्कवरच्या उरलेल्या जागेला, तिसरी तापमानाला आणि चौथी आयपी पत्त्याला दिली की घरच्या सर्व्हरचं भागतं. राउटरने पत्ता बदलला की तो शोधत बसायलाही नको.

एलसीडीप्रॉकमध्ये आणखी एक बारीकशी गोष्ट आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक बदाम धडधडत असतो. सजावट वाटेल, पण तो काढून टाकू नये. सर्व्हर गोठला तरी पाम आपला चालूच राहतो आणि शेवटचे आकडे निमूटपणे दाखवत राहतो. तापमान ४१, लोड ०.२, सगळं झकास; फक्त हे आकडे तीन तासांपूर्वीचे! बदाम थांबलेला दिसला तरच ही फसवणूक कळते.

सर्व्हर का गोठला हे जाणायचं असेल तर मार्ग वेगळा. लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सुरू होतानाच सांगता येतं की आपले संदेश सिरीयल पोर्टवरही पाठव. पामवर मग टर्मिनलचा, म्हणजे आलेला मजकूर जसाच्या तसा दाखवणारा, प्रोग्रॅम चालवायचा. सिरीयल पोर्टवर अक्षर पाठवणं इतकं साधं काम आहे की कर्नल कोसळतानाही त्याला ते सहसा जमतं. नेटवर्क आणि ग्राफिक्स तोवर गेलेले असतात. पण इथे पाम तोकडा पडतो. टर्मिनलला ८० रकाने लागतात, म्हणजे अक्षरामागे २ ठिपके. त्यात अक्षर काढताच येत नाही. चार ठिपक्यांच्या बारीक लिपीत ४० रकाने बसतात, प्रत्येक ओळ मोडते आणि महत्त्वाची पहिली ओळ वर सरकून दिसेनाशी होते. रोजची नाडी पाहायला पाम उत्तम आहे. शवविच्छेदनाला लॅपटॉपच घ्यावा.

वीज हा नाजूक मुद्दा. पामला दोन-तीन मिनिटांत स्वतःहून बंद व्हायची सवय आहे. ती प्रोग्रॅमने थोपवावी लागते. शिवाय ३ व्होल्टच्या सेलमधून आरएस-२३२ साठी अधिक आणि उणे असे दोन्ही दाब तयार करावे लागतात, म्हणून पोर्ट सतत उघडा ठेवला की सेल भराभर संपतात. आणि ते पूर्ण संपले की मेमरी पुसली जाते, पामऑर्बसकट, आणि सगळं हॉटसिंकने, म्हणजे पाम संगणकाला जोडून, पुन्हा भरावं लागतं. यावर सेलच्या जागी लाकडाचे खोटे सेल बसवून बाहेरून ३ व्होल्ट देणं हा चांगला उपाय. क्रेडलमध्येच चार्ज होणारा पाम व्ही आकर्षक वाटतो, पण त्याची लिथियम बॅटरी आता म्हातारी झालेली असते आणि कवच डिंकाने चिकटवलेलं, उघडायला महाकठीण. मी पाम थ्रीच घेईन.

जोडणी करताना दोन पथ्यं पाळावीत. सर्व्हरला सिरीयल पोर्ट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर चालतो, पण रास्पबेरी पाय या एका पाटीवरच्या छोट्या संगणकाच्या पिनांना पाम थेट जोडू नये. त्या ३.३ व्होल्टच्या आहेत. उणे दाब त्यांना मारक ठरतो. मध्ये दाब जुळवून देणारी मॅक्स३२३२ ची चिप हवी, जी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते.

दुसरं पथ्य पाम कन्सोल म्हणून, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणारं टर्मिनल म्हणून, वापरतानाचं. सन या कंपनीच्या जुन्या स्पार्क सर्व्हरचे चालक याला पोळलेले आहेत. कन्सोलला जोडलेलं टर्मिनल कुणी बंद केलं की तार काही काळ ० वर राहायची, सर्व्हर तिला ‘ब्रेक’चा इशारा समजायचा आणि चालतं काम थांबवून ‘ओके’ असं लिहून बसायचा. लिनक्समध्येही सिरीयल कन्सोलवरच्या ब्रेकने तातडीच्या आज्ञा देता येतात. पामवर फक्त वाचायचंच असेल तर सर्व्हरच्या ९ पिनांच्या पोर्टातली ३ नंबरची पाठवायची तार आणि ५ नंबरची ग्राउंडची तार एवढ्याच जोडाव्यात. २ नंबरची पिन मोकळी सोडली तरी बिघडत नाही: घेणाऱ्या चिपच्या आत सुमारे ५ हजार ओहमचा रोध ग्राउंडला जोडलेला असतो, आणि तो मोकळ्या पिनेला ‘तार स्वस्थ आहे’ असंच वाचायला लावतो.