रंगद्रव्य विश्लेषण, चित्रसंवर्धनातील

जुन्या चित्राच्या दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी त्यातील रंगद्रव्ये, बंधके (रंग धरून ठेवणारे डिंक, तेल इ.) आणि मागाहून चढवलेले थर ओळखण्याची पद्धती. आधी प्रतिमांकन, मग स्पर्शाविना मोजणी आणि अगदीच अडले तर टाचणीच्या टोकाएवढा नमुना, असा क्रम सामान्यतः पाळतात. मागाहूनचे थर किती त्रास देतात ते अजिंठ्यात दिसते. तेथे 1920–22 च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर शेलॅक (लाखेचे रोगण) चढवले. पुढे तेच पिवळे-तपकिरी पडून मूळ रंग झाकोळले.

एक्स-किरणांचा शोध 1895 चा; पुढच्याच वर्षी ते चित्रांवर वापरून पाहिले गेले. सफेदा म्हणजे शिशाचे पांढरे रंगद्रव्य; त्यातील शिसे हे किरण अडवते, म्हणून पुसून पुन्हा काढलेला हात किंवा चेहरा उमटतो. अवरक्त किरण काजळीत शोषले जातात, त्यामुळे रंगाखालचे रेखाटन दिसते. एक्स-किरण अनुस्फुरणाने, म्हणजे हे किरण पडल्यावर प्रत्येक मूलद्रव्य जे स्वतःचे किरण सोडते ते मोजून, मूलद्रव्ये कळतात : हिंगुळात पारा, शेंदरात शिसे, गेरूत लोह. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला, तर टायटॅनियमचा पांढरा साधारण 1920 नंतरचा. त्यावरून काळाची मर्यादा ठरते. मात्र तो रंग मूळ थरात आहे की डागडुजीत, हे आधी पाहावे लागते.

पिवळ्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हरताळात आर्सेनिक सापडते (पोथीतली चूक झाकायला तो लावत, ‘हरताळ फासणे’ तिथलेच). पिवडी म्हणजे पिवळी माती. तिच्यात लोह असते. नामसाम्यामुळे हिच्याशी गल्लत होणारी पिउरी, म्हणजे ‘इंडियन यलो’, हे मात्र यूक्झँथिक अम्लाच्या लवणांचे सेंद्रिय द्रव्य असून जंबुपार (अतिनील) प्रकाशात ते झळाळते. तिच्या उगमाबद्दल वाद आहे. त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी 1883 मध्ये लिहिले, की बिहारातील मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी गाईंना आंब्याची पाने चारून त्यांचे मूत्र आटवतात व गाळाचे गोळे करतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी यावर शंका घेतली गेली : साक्षीदार एकच, गावात मागमूस नाही. तथापि मुखर्जींनीच लंडनच्या क्यू उद्यानाकडे पाठवलेल्या नमुन्यांचे विश्लेषण 2019 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांत प्राण्यांच्या मूत्रात आढळणारे हिप्युरिक अम्ल मिळाले. आंब्याच्या पानातील मँजिफेरिनापासून गाईच्या शरीरात हे रंगद्रव्य बनणे रसायनदृष्ट्याही सुसंगत आहे. शंकेखोरांचा भर कागदपत्रांच्या अभावावर होता. नमुन्याची साक्ष त्याहून वजनदार मानावी लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोनेक दशकांत पिउरी बाजारातून दिसेनाशी झाली असावी. मोजणीत आर्सेनिक नाही, लोह नाही आणि तरी पिवळा झळाळतो, तर तिचा संशय घ्यावा.

ठाणे व नवी मुंबई परिसरात हवेचा विचार आधी करावा लागतो. ओहोटीला वाशीचा पूल ओलांडताना जो वास येतो, त्यात चिखलातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड असतो. डिंकात घोटलेला सफेदा त्याने काळा पडतो. तेलरंगातला बराच सुरक्षित राहतो. असा काळा डाग म्हणजे छाया समजून रंगवू नये, तो शिशाचा सल्फाइड आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडाने त्याचे पांढरे सल्फेट होते, पण हा उपाय जपून करतात.

वारली चित्रांचा डहाणू, तलासरी, जव्हार हा मुलूख 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. भिंतीवरची ही चित्रे टिकवण्यासाठी काढलेली नसत; कागदावर ती साधारणपणे 1970 च्या दशकापासून येऊ लागली. त्यामुळे ‘जुने’ म्हणून आलेल्या तुकड्याच्या पांढऱ्यात टायटॅनियम मिळाले, तर तो बाजारचा रंग समजावा. खरे तांदळाचे पीठ एक्स-किरण अनुस्फुरणाच्या मोजणीत दिसतच नाही, खालच्या गेरूचे लोह तेवढे दिसते. पिठासाठी कणभर नमुना काढून आयोडिनाचा थेंब टाकतात, तो निळा-काळा होतो.