हसण्यावारी नेलेले घोरणे

घोरणारा माणूस आपल्या घोरण्याची तक्रार कधी करत नाही. ती करतो शेजारी झोपणारा. 'मध्येच श्वास बंद पडतो, मग एकदम मोठा आवाज होतो आणि पुन्हा घोरणे सुरू.' ज्याच्याबद्दल हे सांगितले जाते त्याला सकाळी यातले काहीच आठवत नाही. 'मस्त झोपलो होतो' असेच तो म्हणतो. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराची, ओळख पटायला इतका उशीर का झाला, याचे निम्मे उत्तर इथेच आहे. डॉक्टर रोग्याला तपासतात तो जागा असताना, आणि हा आजार तो झोपल्याशिवाय दिसतच नाही.

उरलेले निम्मे उत्तर म्हणजे आपले हसणे. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या हेराक्लियाच्या डायोनिसियस राजाची हकिगत जुन्या ग्रीक ग्रंथांत आहे. अतिलठ्ठपणामुळे त्याचा श्वास कोंडायचा, म्हणून गाढ झोप लागली की चरबीतून लांब, बारीक सुया टोचून त्याला जागे करायचा सल्ला वैद्यांनी दिला होता. वाचणाऱ्यांनी ती गंमत म्हणूनच वाचली. १८३६-३७ मध्ये चार्ल्स डिकन्सने 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा लठ्ठ पोरगा रंगवला. तो दारावर धडका देता देता उभ्याउभ्या झोपतो. त्यालाही लोक हसलेच.

मधल्या काळात एका माणसाने मात्र नीट पाहिले होते. लंडनचे डॉक्टर विल्यम ब्रॉडबेंट यांनी १८७७ मध्ये लिहिले की, उताणे झोपून घोरणाऱ्या काही रोग्यांत दोन-चार श्वासांइतका वेळ पूर्ण शांतता पसरते, छाती हलत राहते पण हवा आत जात नाही, आणि शेवटी मोठ्या आवाजासरशी श्वास सुटतो. आजाराचे मर्म यात जवळजवळ पूर्ण आले आहे. पण तो धागा पुढे कोणी उचलला नाही.

१९५६ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका लठ्ठ व्यावसायिकाची केस प्रसिद्ध केली. पोकर खेळताना त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले होते, आणि हा जवळपास हमखास जिंकणारा डाव हाती असतानाच त्याला डुलकी लागली. तेव्हा कुठे तो दवाखान्यात गेला! लेखकांनी या प्रकाराला 'पिकविकियन सिंड्रोम' असे नाव दिले. नाव चटकन रुजले, कारणमीमांसा मात्र चुकली. लठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्याची गुंगी येते, असा त्यांचा तर्क होता. लठ्ठपणामुळे श्वास अपुरा पडण्याचा विकार खरोखरच आहे, पण दिवसाच्या पेंगेचे मोठे कारण रात्री घडत होते आणि रात्री तिथे पाहणारे कोणी नव्हते. या नावाने आणखी एक नुकसान केले असे मला वाटते. 'हा जाड्या माणसांचा आजार' ही समजूत त्यामुळे पक्की झाली, आणि सडपातळ अंगाचे पण मागे सरलेल्या हनुवटीचे किंवा मोठ्या टॉन्सिलचे रोगी नजरेतून सुटत राहिले.

कोडे सुटले ते १९६५ मध्ये. फ्रान्समधल्या मार्सेय इथे गास्तो, तासिनारी आणि ड्युराँ यांनी, आणि जर्मनीत युंग व कुहलो यांनी अशा रोग्यांच्या रात्रभरच्या झोपेची नोंद घेतली. मेंदूच्या लहरींबरोबर श्वासही टिपला, तेव्हा कळले की घसा मिटतोय. झोपेत स्नायू सैलावतात. जीभ मागे पडते, मऊ टाळू आणि पडजीभ लोंबते, वाट बंद होते. छाती हवा ओढायचा जीव तोडून प्रयत्न करते. प्राणवायू खाली जातो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, आणि माणूस पुन्हा झोपतो. तीव्र आजारात हे तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा होते.

घसा बंद होतो म्हटल्यावर उपायही तसाच सरळसोट निघाला: त्याच्या खाली भोक पाडायचे. १९६९ मध्ये कुहलो आणि सहकाऱ्यांनी श्वासनलिकेला छिद्र करून रोगी बरा केल्याचे नोंदवले. दिवसा बूच लावायचे, रात्री उघडायचे. पेंग जादू झाल्यासारखी जायची. पण गळ्यात भोक घेऊन जगायला कोण आनंदाने तयार होईल?

इटलीत बोलोन्याचे लुगारेझी आणि सहकारी श्वास अडताना रक्तदाब कसा उसळतो ते मोजत होते. त्यांनी १९७२ मध्ये रिमिनीला भरवलेल्या परिषदेने हा विषय पुढे नेला. स्टॅनफर्डमध्ये गिलमिनो यांनी झोपेत किमान १० सेकंद श्वास थांबणे हे मोजमाप धरले आणि १९७६ मध्ये 'स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम' हे नाव प्रचारात आणले. लठ्ठ नसलेले रोगी आणि लहान मुलेही त्यांच्या नोंदींत होती.

मग १९८० साल. सिडनीतले कॉलिन सुलिव्हन यांच्यासमोर गळ्याला छिद्र नको म्हणणारा एक रोगी होता. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली, हवा ओढण्याऐवजी फेकायला लावली, आणि नाकावर चिकटवलेल्या मुखवट्यातून ती घशात सोडली. त्या हवेच्या सौम्य दाबाने घसा आतून उघडा राहिला आणि रोगी रात्रभर सलग झोपला. १९८१ मध्ये पाच रोग्यांवरचा हा अनुभव 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. हाच सीपॅप, म्हणजे सतत सौम्य दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र.

तरीही हा आजार दुर्मीळच समजला जाई. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या ३० ते ६० वयाच्या ६०२ सरकारी कर्मचाऱ्यांची झोप तपासली गेली. तासाला पाच किंवा अधिक वेळा श्वास अडणारे २४ टक्के पुरुष आणि ९ टक्के स्त्रिया निघाल्या. यातल्या बहुतेकांनी कधी डॉक्टरांकडे तक्रार केलेली नव्हती. २००० साली त्याच अभ्यासातून दिसले की श्वास जितका जास्त अडतो, तितकी पुढच्या चार वर्षांत उच्च रक्तदाबाची शक्यता वाढते. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री खाली उतरतो. इथे शरीर रात्रभर घाबऱ्याघाबऱ्या उठत राहते. हृदयाची अनियमित लय, पक्षाघात, इन्सुलिनला दाद न देणारे शरीर, सकाळची डोकेदुखी, गाडी चालवताना लागणारी डुलकी, हे सगळे या आजाराशी जोडलेले आढळते. रात्री चारदा लघवीला उठणाऱ्याचा दोष आपण प्रोस्टेटला देतो. कधीकधी तोही घशाचा असतो.

सीपॅपने हृदयही वाचेल अशी आशा होती. २०१६ मध्ये सेव्ह या चाचणीचा निकाल आला: आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रोग्यांत हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात कमी झाले नाहीत. पेंग, घोरणे, मनःस्थिती सुधारली. पण रोग्यांनी यंत्र रात्रीला सरासरी ३.३ तासच लावले होते, म्हणजे बरीचशी झोप मुखवट्याविनाच गेली. हवा अपुरी मिळाली की मुळात गृहीतकच चुकले, यावर वाद अजून चालू आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपाटाइड हे वजन घटवणारे औषध, लठ्ठपणा असलेल्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियाच्या रोग्यांसाठी मंजूर झाले. १९५६ चा तो पोकर खेळणारा रोगीही वजन उतरल्यावर सुधारला होता. मागे सरलेल्या हनुवटीच्या बारीक माणसासाठी मात्र आजही मुखवटा, जबडा पुढे धरणारे दातांचे साधन किंवा शस्त्रक्रिया, एवढेच मार्ग आहेत.