स्लाय स्टोनचं कुटुंब आणि फंकची घडण

९ जून २०२५ रोजी अमेरिकन गायक-संगीतकार स्लाय स्टोन गेला, वयाच्या ८२ व्या वर्षी. त्याचं नाव निघालं की अमली पदार्थ, चुकवलेले कार्यक्रम आणि पुढचा अज्ञातवास हेच आधी सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या त्याच्या बँडमधल्या सात माणसांनी मिळून त्याआधी जे उभं केलं, त्यावर फंक, म्हणजे ठेक्यावर तोललेलं कृष्णवर्णीयांचं नाचरं संगीत, आणि पुढचं कितीतरी संगीत पोसलं गेलं.

स्लाय म्हणजे सिल्व्हेस्टर स्ट्युअर्ट. जन्म १९४३ चा, टेक्ससमधल्या डेंटनचा. वाढला कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहोमध्ये. घर चर्चला वाहिलेलं. १९५२ मध्ये या भावंडांनी भक्तिगीतांची एक तबकडीही काढली होती. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोच्या केसॉल रेडिओवर निवेदक झाला. केंद्र कृष्णवर्णीय श्रोत्यांचं, पण हा त्यांना सोल, म्हणजे चर्चच्या गायकीतून आलेल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांबरोबर बीटल्सही ऐकवायचा. दोन्हीकडचं संगीत एका ताटात वाढायची सवय तिथे पक्की झाली.

१९६७ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरची बंदी उठवली. जुलैमध्ये वांशिक दंगलीत डेट्रॉइट शहर पेटलं, ४३ माणसं गेली. त्याच वर्षी या बँडची पहिली तबकडी आली. ड्रमवर ग्रेग एरिको आणि सॅक्सोफोनवर जेरी मार्टिनी, हे दोघे गोरे. ट्रम्पेटवर सिंथिया रॉबिन्सन, गिटारवर स्लायचा भाऊ फ्रेडी, बेस गिटारवर लॅरी ग्रॅहम. बहीण रोझ थोडी नंतर आली. बाई गाणार आणि बाप्ये वाजवणार, अशी वाटणी तेव्हा सर्रास होती. इथे सिंथिया ट्रम्पेट फुंकत होती, तेही पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून.

पहिली तबकडी चालली नाही. काहीतरी सोपं करा, असं कंपनीने सांगितल्यावर १९६८ मध्ये ‘डान्स टू द म्युझिक’ आलं. सुरुवातीलाच सिंथिया ओरडून सगळ्यांना उठवते. मग एकेक वाद्य आपली ओळख करून देत आत येतं, आणि गाण्याच्या ओळी चार-पाच गळ्यांत वाटल्या जातात. मुख्य गायक एक आणि बाकीचे साथीला, ही उतरंडच मोडली. मोटाऊन या तबकडी कंपनीच्या टेम्प्टेशन्स या गायकवृंदाने त्याच वर्षी ‘क्लाउड नाइन’मध्ये ही रीत उचलली.

लॅरी ग्रॅहमच्या अंगठ्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. तो आईबरोबर क्लबमध्ये वाजवायचा. आई पियानोवर, हा गिटारवर, शिवाय पायाने ऑर्गनचे खर्ज सूर दाबायचा. ऑर्गन बिघडला म्हणून त्याने तात्पुरता बेस भाड्याने आणला. पुढे ड्रमवाला नाही असं झालं, तेव्हा त्याची उणीव भरून काढायला लॅरी अंगठ्याने जाड तारेवर ठोका देऊ लागला आणि बोटाने बारीक तार ओढून सोडू लागला. एका हातात मोठा ड्रम आणि स्नेअर, दोन्ही. आपल्या ढोलकीवाल्याच्या धुम आणि चाटीसारखीच ही जोडी. ‘थँक यू’ हे १९७० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं ऐका. त्यात तो ठोका नागडा ऐकू येतो. इलेक्ट्रिक बेसवर स्लॅप म्हणून आज जे शिकवलं जातं त्याचं मूळ इथे. सोल गायक जेम्स ब्राउनने पहिल्या मात्रेला समेसारखं वजन आणून दिलं होतंच. या बँडने त्यावर रॉकची गिटार आणि चर्चची हाक-प्रतिहाक चढवली.

ती हाक वुडस्टॉकच्या खुल्या मैदानातल्या संगीत महोत्सवात ऐकू आली. १७ ऑगस्ट १९६९, पहाटेचे साडेतीन. चिखलात झोपलेली माणसं उठली आणि स्लायच्या ‘हायर’ला ‘हायर’ म्हणून उत्तर देऊ लागली.

दोन वर्षांत सारं बदललं. कोकेन आलं, आपसात संशय आला, एरिको सोडून गेला. १९७१ च्या ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’मध्ये स्लायने बरंचसं एकट्याने ध्वनिमुद्रित केलं. एकाच टेपवर इतक्यांदा पुसून पुन्हा भरलं, की आवाज धुरकट झाला. ‘फॅमिली अफेअर’मध्ये ड्रमच्या जागी मेस्ट्रो र्‍हिदम किंग हे यंत्र टकटकतं. सात जणांच्या घोळक्यातून निघालेला माणूस बंद खोलीत यंत्राशी कुजबुजतोय, असं ते ऐकताना वाटतं. माझ्या मते त्याचं सर्वांत खरं काम हेच. हेही पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७२ मध्ये लॅरीही गेला, १९७५ मध्ये बँड फुटला.

वारसा दोन्हींचा चालला, घोळक्याचाही आणि खोलीचाही. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकने १९७३ च्या ‘हेड हंटर्स’ या तबकडीतल्या एका रचनेला ‘स्लाय’ हेच नाव दिलं. पॉप गायक प्रिन्सने गोरे-काळे, बाई-पुरुष असा बँड उभा केला, यंत्राचा ताल जवळ केला आणि पुढे लॅरीला मंचावर सोबत घेतलं. जॅनेट जॅक्सनच्या १९८९ च्या ‘र्‍हिदम नेशन’मध्ये ‘थँक यू’चीच गिटार फिरते आहे. सिंथिया आणि जेरी ‘फॅमिली स्टोन’ या नावाने स्लायशिवाय कार्यक्रम करत राहिले. सिंथिया २०१५ मध्ये गेली.