अंगावर ओरखडा नाही, मग मृत्यू कसा?

"बाहेरून काहीच लागलं नव्हतं हो, धसक्यानंच गेला." जीवघेण्या अपघातानंतर हे वाक्य हमखास कानावर येते. कपाळावर टेंगूळ, छातीवर पुसट लालसर डाग, बस्स. मग कुणी म्हणतो, त्या वळणावर 'काहीतरी आहे'. वळणावर असतो तो उतार, अंधार आणि गाड्यांचा वेग. मृत्यूचे कारण शवविच्छेदनात सापडते.

टक्कर आपल्याला एकच दिसते, होतात तीन. गाडी झाडावर आदळते. आतला माणूस त्याच वेगाने पुढे जाऊन स्टिअरिंगवर किंवा सीटबेल्टवर अडतो. आणि शरीर अडले तरी आतले हृदय, यकृत, मेंदू पुढेच निघालेले असतात. ताशी 54 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 15 मीटर. या वेगातले शरीर अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबले, तर बसणारा झटका गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 23 पट असतो. 300 ग्रॅमचे हृदय त्या क्षणी जवळजवळ 7 किलोचे असल्यासारखे ओढ देते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट.

ही ओढ पोचते महाधमनीपर्यंत. हृदयातून निघून ही नळी वर जाते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते. कमान बऱ्यापैकी हलू शकते, उतरणारा भाग मात्र कण्याशी जखडलेला असतो. या दोहोंच्या सांध्याजवळ, डाव्या हाताची धमनी जिथून निघते तिच्या किंचित पुढे, एक छोटा तंतुमय बंध असतो. गर्भात फुप्फुसे श्वास घेत नसल्याने त्यांच्याकडे निघालेले बरेचसे रक्त एका आडवाटेने थेट महाधमनीत जाते. जन्मानंतर ती वाट मिटते आणि तिची दोरी उरते, तोच हा बंध.

महाधमनी बहुतेकदा याच जागी फाटते. हिसका, वाक, छाती दबल्याने आत उसळलेला दाब, छातीचे हाड आणि कणा यांच्यात बसलेला चिमटा, यांपैकी कुणाचा वाटा किती यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. मला ही कारणे एकत्रच काम करत असावीत असे वाटते. भिंतीला तीन थर असतात आणि फाट सहसा आतल्या अस्तरापासून, आडवी सुरू होते. शवविच्छेदनात नळी उभी चिरून उघडली, की मुख्य फाटीची कड पुष्कळदा ब्लेडने कापल्यासारखी सरळ दिसते आणि शेजारी अस्तरावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या बारीक आडव्या चिरा असतात. छातीच्या डाव्या पोकळीत दीड-दोन लिटर रक्त साचलेले, आणि वरची कातडी शाबूत!

क्वचित बाहेरचा थर तेवढा टिकतो. असा माणूस काही तास, कधी काही दिवस बोलता-चालता असतो आणि मग तो थरही फुटतो. म्हणून छातीला जोराचा दणका बसलेल्या माणसाला "बरा दिसतोय" म्हणत परस्पर घरी नेणे मला फार धोक्याचे वाटते.

कातडी अगदीच मुकी नसते. पुढची काच थरांची असल्याने तडकूनही चिकटून राहते. दारांच्या काचेचे मात्र बहुधा चौकोनी खडे होतात आणि त्यांच्या बारीक, काटकोनी चिरा अंगावर उमटतात. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला त्या दाट असतील तर माणूस उजव्या खिडकीशी बसलेला असण्याची शक्यता मोठी. सीटबेल्टचा तिरपा वळही कुठल्या खांद्यावरून उतरला ते सांगतो. वाचलेला जेव्हा "गाडी तोच चालवत होता" असे म्हणत मृताकडे बोट दाखवतो, तेव्हा या खुणा फार मोलाच्या ठरतात.

राहिला प्रश्न चालकाचे हृदय आधीच बंद पडले होते का, याचा. त्यासाठी हृदयाच्या धमन्या उघडून पाहतातच, पण छातीत साचलेले रक्तही मोजतात. महाधमनी आरपार फाटलेली आणि पोकळीत रक्त मात्र जेमतेम, असे दिसले तर टक्कर झाली त्या वेळी रक्त ढकलणारे हृदय थांबलेले असावे.