पापण्यांची सुघटन शस्त्रक्रिया

वरच्या किंवा खालच्या पापणीची सैल कातडी, तिच्याखालचा स्नायू आणि डोळ्याच्या खोबणीतून पुढे आलेली चरबी यांची काटछाट वा फेरमांडणी करणारी शस्त्रक्रिया. वैद्यकात तिला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. वरच्या पापणीची कातडी केसांवरून खाली लोंबून नजरेचा वरचा व बाजूचा भाग झाकू लागली, तर ही शस्त्रक्रिया उपचार म्हणून होते. डोळ्यांखालच्या पिशव्या किंवा सुरकुत्या घालवण्यासाठी केली, तर सौंदर्यशस्त्रक्रिया ठरते. दोन्हींतील पायऱ्या बहुतांशी सारख्याच आहेत. पापणी उचलणारा स्नायूच दुबळा होऊन पापणी पडणे हा मात्र वेगळा विकार आहे. त्यात कितीही कातडी काढली तरी पापणी वर येत नाही, म्हणून दोहोंतला फरक आधी ओळखावा लागतो.

रचना : पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, १ मिमी.पेक्षा कमी जाडीची असते. तिच्याखाली डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू, त्याखाली खोबणीतील चरबी अडवून धरणारा पडदा आणि त्यामागे चरबी असते. वरच्या पापणीत चरबीचे दोन कप्पे असतात, आतला व मधला. बाहेरच्या बाजूला तिसरा कप्पा वाटतो ती अश्रुग्रंथी होय. तिचा रंग करडा-गुलाबी असतो आणि चरबी समजून ती कापणे ही गंभीर चूक ठरते. खालच्या पापणीत तीन कप्पे असतात. त्यांतील आतल्या व मधल्या कप्प्यांच्या मधून डोळा फिरवणारा खालचा तिरकस स्नायू जातो. त्याला इजा झाल्यास एकाची दोन दृश्ये दिसू लागतात.

इतिहास : या शस्त्रक्रियेचा उगम कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोपावर, म्हणजे पापणीचे केस आत वळून डोळ्याला घासण्याच्या विकारावर, छेदनकर्म सांगितले आहे. रोग्याला बसवून भुवईखालचे दोन भाग सोडावेत, केसांलगतचा एक भाग राखावा, आणि आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्याच्या रेषेपर्यंत यवाच्या (जवाच्या दाण्याच्या) आकाराची कातडी आडवी कापावी; जखम वालाने (केसाने) शिवावी, तूप व मध लावावे; कपाळावर पट्टी बांधून टाके तिला अडकवावेत, आणि छेद पक्का भरल्यावर केस काढून घ्यावेत, असा हा विधी आहे. किती कातडी काढायची याच्याआधी किती राखायची हे येथे सांगितले आहे, ही बाब लक्षणीय होय. आजच्या आखणीचे सूत्रही तेच आहे.

सुश्रुताचा काळ काही अभ्यासक इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेतात, तर काही संहितेचे उपलब्ध रूप इ. स.च्या पहिल्या काही शतकांतले मानतात. उत्तरतंत्र ही मागाहून जोडलेली पुरवणी असावी, असे मत बऱ्याच अभ्यासकांनी मांडले आहे. रोमन लेखक सेल्सस याने इ. स. पहिल्या शतकात सैल पापणीच्या कातडीचे असेच छेदन वर्णिले आहे. त्यामुळे अग्रक्रमाचा प्रश्न केवळ कालनिर्णयावर सुटण्यासारखा नाही. दोन्ही ठिकाणी हेतू डोळा वाचवण्याचा होता, चेहरा खुलवण्याचा नव्हता. तेव्हा दोहोंना आजच्या शस्त्रक्रियेचे तांत्रिक पूर्वज म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. कातडी जास्त काढली गेल्यास डोळा झाकला जात नाही, आणि फार कातडी गेली असेल तर त्यावर इलाज नाही, हेही सेल्ससने नोंदवले आहे. या शस्त्रक्रियेतील मुख्य धोक्याचा हा बहुधा सर्वांत जुना उल्लेख असावा.

ब्लेफरोप्लास्टी ही संज्ञा जर्मन शल्यविशारद कार्ल फॉन ग्रेफे यांनी १८१८च्या सुमारास, कर्करोग काढल्यावर पापणी पुन्हा घडवण्याच्या कामासाठी वापरली. जपानमध्ये मिकामो यांनी १८९६ साली टाके घालून वरच्या पापणीला घडी पाडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये सुझान नोएल यांनी सौंदर्यशस्त्रक्रियेला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि बूर्गे यांनी खालच्या पापणीची चरबी आतून काढण्याचा मार्ग सांगितला. चरबीच्या कप्प्यांचे नेमके वर्णन १९५१ साली कास्तान्यारेस यांनी केले.

पूर्वतपासणी : कोरडे डोळे, थायरॉइडचा विकार, उच्च रक्तदाब आणि रक्त पातळ करणारी औषधे यांची चौकशी प्रथम करतात. ॲस्पिरिन साधारण ७ ते १० दिवस आधी थांबवतात, पण हृदयविकारासाठी ते चालू असेल तर संबंधित डॉक्टरांच्या संमतीनेच. वरच्या पापणीच्या कडेचे बाहुलीच्या मध्यापासूनचे अंतर मोजतात. ते सामान्यतः ४ ते ५ मिमी. असते. बराच कमी आकडा आल्यास दोष स्नायूत असण्याची शक्यता असते. भुवई खाली उतरली आहे का, हेही पाहावे लागते. पापणी जड झालेली माणसे नकळत कपाळ आक्रसून भुवया वर धरतात. कातडी काढल्यावर ही गरज संपते, भुवया खाली येतात आणि पापणी पुन्हा भरलेली दिसू लागते.

वरच्या पापणीची शस्त्रक्रिया : आखणी रोग्याला बसवून, भूल देण्याआधीच करतात, कारण भुलीच्या द्रवाने कातडी फुगली की मापे बिघडतात. खालची रेघ पापणीच्या नैसर्गिक घडीवर येते. स्त्रियांत ती केसांपासून ८ ते १० मिमी., पुरुषांत ७ ते ८ मिमी. वर असते, तर पूर्व आशियाई पापण्यांत त्याहून खाली असते किंवा मुळीच नसते. मग बोथट चिमट्याचे एक टोक या रेघेवर ठेवून दुसऱ्या टोकाने वरची सैल कातडी पकडतात. पापणीचे केस जेमतेम वर वळू लागले की तेथे थांबायचे. डोळा उघडू लागला, तर पकड जास्त झाली. भुवईपासून केसांपर्यंत मिळून निदान २० मिमी. कातडी शिल्लक राहिली पाहिजे. हा आकडा पक्का करून मगच सुरी उचलावी.

दर पापणीला २ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारे औषध) व १:१,००,००० ॲड्रेनॅलिन यांचे दीड-दोन मिलि. मिश्रण अगदी वरच्या थरात टोचतात आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावेपर्यंत सुमारे १० मिनिटे थांबतात. कातडी व गरज असल्यास स्नायूची अरुंद पट्टी काढून पडदा उघडला, की हलक्या दाबाने आपसूक पुढे येईल तेवढीच चरबी काढतात. चरबी ओढू नये. ओढीने खोलवरची रक्तवाहिनी तुटून मागे सरकते आणि रक्तस्राव दिसतही नाही. जखम ६-० या अतिशय बारीक धाग्याने शिवून टाके ५ ते ७ दिवसांनी काढतात.

खालची पापणी : केवळ पिशव्या असतील व कातडी घट्ट असेल, तर पापणीच्या आतल्या अस्तरातून छेद घेऊन चरबी कमी करतात, बाहेर व्रण राहत नाही. कातडीही सैल असल्यास केसांखाली सुमारे २ मिमी.वर छेद घेतात. या मार्गात पापणी खाली ओढली जाऊन बुबुळाखालचा पांढरा भाग उघडा पडण्याचा धोका अधिक असतो. म्हणून पापणी बोटाने ओढून सोडल्यावर ती चटकन मागे बसते का, हे आधी तपासतात. बसत नसेल तर बाहेरच्या कोपऱ्याला आधार देणारा टाका घालावा लागतो. चरबी सरसकट काढल्यास काही वर्षांनी डोळे खोल गेलेले दिसतात, त्यामुळे ती हाडाच्या कडेवर पसरवून खळगा भरण्याकडे अलीकडे कल आहे.

उपद्रव : सूज व काळेनिळेपणा सामान्यतः दोन आठवड्यांत ओसरतो. पहिले दोन दिवस थंड शेक देतात, डोके उंच ठेवायला सांगतात. डोळा पूर्ण न मिटणे सुरुवातीला पुष्कळांत आढळते. ते टिकले तर पारपटल (डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग, कॉर्निया) कोरडे पडून जखम होते, म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब व रात्री मलम देतात.

सर्वांत भयावह उपद्रव म्हणजे डोळ्यामागे रक्त साठणे. ते सुमारे दोन हजारांत एकाला होते व कायमची दृष्टी जाणे त्याहून पुष्कळ विरळा आहे. वाढत जाणारी एका बाजूची वेदना, डोळा पुढे येऊन टणक होणे व नजर मंदावणे ही लक्षणे दिसताच टाके तेथेच उघडावेत आणि बाहेरच्या कोपऱ्याचा बंध कापून दाब मोकळा करावा. दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा) रक्ताविना सुमारे दीड तासच तग धरते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. तेव्हा स्कॅनची वाट पाहत बसणे चूक होय. पहिल्या रात्री दोन्ही डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधत नाहीत ते याचसाठी. पट्टीआड नजर गेलेली कळत नाही.

शस्त्रक्रियेविना उपचार : डोळ्यांच्या बाहेरच्या कडेच्या सुरकुत्यांवर बोट्युलिनम विष दर बाजूला तीन ठिकाणी, प्रत्येकी ४ युनिट (ओनाबोट्युलिनम प्रकाराची) टोचण्याची प्रमाणित पद्धत आहे. युनिटे एका उत्पादनाकडून दुसऱ्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. परिणाम दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो व तीन-चार महिने टिकतो. औषध भलत्या ठिकाणी पसरल्यास पापणी काही आठवडे पडू शकते; ॲप्राक्लोनिडिनच्या थेंबांनी ती १-२ मिमी. उचलता येते.

डोळ्याखालच्या खळग्यात हायलुरॉनिक आम्लाचे जेल हाडालगत, थोड्या मात्रेत भरतात. ते उथळ बसले तर कातडीतून निळसर झाक दिसते. हायलुरोनिडेझ हे विकर टोचून ते विरघळवता येते. जेल रक्तवाहिनीत शिरून उलट्या दिशेने नेत्ररोहिणीपर्यंत (डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीपर्यंत) गेल्यास अंधत्व येते आणि अशी नजर क्वचितच परत मिळते.

काळी वर्तुळे रंगद्रव्यामुळे, पातळ कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांमुळे किंवा निव्वळ खळग्याच्या सावलीमुळे दिसतात. सावलीवर मलमाचा उपयोग होत नाही. लेसर व रासायनिक थर काढण्याने सावळ्या त्वचेवर उलट जास्त डाग उमटू शकतात. पापणीवर लेसर वापरताना डोळ्यात धातूचे संरक्षक कवच बसवणे अनिवार्य आहे. पापणीवरील पिवळे मेदचट्टे कापून वा ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने घालवतात. ते पुन्हा उद्भवू शकतात, आणि अशा सुमारे निम्म्या रुग्णांत रक्तातील मेद वाढलेले आढळत असल्याने त्यांची तपासणी आधी करून घेतात.